गिरडच्या टेकडीवर हुदहुद

गिरड म्हटले की वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला बाबा फरीदांची टेकडी आठवते. समुद्रपूर तालुक्यातल्या या गावी हिंदू-मुसलमान दोघेही येतात, टेकडी चढतात, कुणी फातिहा पढतो, कुणी नवस फेडतो आणि बसच्या वेळेला खाली उतरतात. आजूबाजूचे जंगल पाहायला सवड कुणाला? म्हणून यंदा बासी ईदला आम्ही पोरे, भाचे-पुतणे घेऊन फजरनंतर निघालो ते मुद्दाम टेकडीच्या कडेकडेने जाणाऱ्या पायवाटेने फिरायलाच.

पोरांनी आधी दगडच वेचले. इथे मातीत गोल गोल गारा सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाचे दगड झाले, अशी कहाणी लोक सांगतात. भूगर्भशास्त्र सांगते की लाव्हाच्या काळ्या खडकातल्या पोकळ्यांत खनिजे साचून ही गोळी बनतात. पोरांना दोन्ही आवडले. खिसे भरलेच.

पळस ओसरत आला होता, तरी निष्पर्ण रानात शेंदरी रंग पेटलेला दिसत होता. त्यावर भोरड्यांचा गलका. मध्य आशियाकडून आलेले हे गुलाबी-काळे पाहुणे आता परतीच्या तयारीत असतात. पळसावर येतात म्हणून त्यांना पळसमैनाही म्हणतात. कुठेतरी तांबट ‘टुक टुक’ करीत होता. मराठीने त्याच्यात तांब्याची भांडी ठोकणारा कारागीर ऐकला. उर्दू-हिंदीत त्याचे नाव छोटा बसंता, म्हणजे तिथे ऋतू ऐकू आला. दोन्ही भाषा शिकवताना अशी जोडी सापडली की आमचा दिवस चांगला जातो. तारेवर नीलपंख बसला होता. वर्धेकरांनी मतदान करून त्याला आपला शहरपक्षी निवडले आहे. उडाला तेव्हा निळाईच निळाई.

बाभळीच्या शेंड्यावर डोळ्यांवर काळी पट्टी असलेला छोटासा खाटीक होता. भाचा म्हणाला, “मामू, गुलेल आणायला पाहिजे होती!” त्याला हदीस सांगितली. अबू दाऊदच्या संग्रहात इब्ने अब्बास (रजि.) यांची रिवायत आहे. प्रेषितांनी (स.) चार जीवांना मारण्यास मनाई केली: मुंगी, मधमाशी, हुदहुद आणि सुरद. सुरद म्हणजे हाच खाटीक. मग पोरांना चारही शोधायचा नाद लागला. मुंग्या पायाखालीच होत्या, मधमाश्या पळसावर. राहिला हुदहुद.

तो सापडला, पण भलत्याच जागी. वळणापलीकडे जमीन काळी होती. मोहाखालचा पाला कुणीतरी जाळला होता, बुंधा हातभर करपला होता. त्याच्या वरच्या ढोलीत हुदहुद चोचीत अळी घेऊन शिरत होता. तुरा उभा, पंखांवर काळे-पांढरे पट्टे. हजरत सुलैमान (अ.) यांना सबाच्या राणीची खबर देणारा हा पक्षी पोरांनी सूरह नमलमध्ये ऐकलेला, प्रत्यक्ष कुणीच पाहिला नव्हता. सगळी गप्प झाली. राखेत मुंग्यांचे वारूळही भाजून निघाले होते. धाकटी विचारू लागली, “पिल्लांना धूर लागला असेल का?”

पुढच्या मोहाखाली एक मावशी टोपली घेऊन फुले वेचत होत्या. आम्ही आगीचे विचारले. “पाला असला त् फूल दिसत नाही ना जी,” त्या म्हणाल्या. “पहाटे चारपासून कंबर मोडून राहिली माही.” मोह रात्रीपासून सकाळपर्यंत गळतो. फुले वेळेत उचलली नाहीत तर चितळे खातात. वाळवून विकली तर चार पैसे होतात, आणि हा हंगाम फार तर महिनाभराचा. रागवावे कुणावर? पण जमिनीवर अंडी घालणारे तितर, टिटवी, मोहाचीच कोवळी रोपे, सारे त्या आगीत जाते. शिवाय उन्हाळ्यातली आग एका झाडाखाली थांबत नाही.

पुतणीने आपली ओढणी झाडाखाली पसरली. पाहता पाहता पाच-सहा फुले तीवर टपटपली, स्वच्छ. मावशी हसल्या. “चांगलं हाय जी. पण माही झाडं चार. इतकी लुगडी कुठून आणू?”

संध्याकाळी अम्मींनी पेटी उघडून जुन्या साड्या मोजल्या. सात निघाल्या. मोह संपायच्या आत, येत्या रविवारी, त्या गिरडला पोचवायच्या आहेत.