दादरनंतरच बोलायचं

आमच्या डब्यातला नियम एकच होता : दादर येईपर्यंत ‘सेक्रेड गेम्स’च्या चौथ्या भागापुढचं काही बोलायचं नाही. चौथ्या भागाशी अडकलेल्या दोघीजणी दादरला उतरायच्या आणि त्यांच्यादेखत कोण मेलं, कोण फितूर निघालं हे तोंडातून गेलं की भांडण ठरलेलं. म्हणून दादर सुटलं की आमची सभा भरायची. भायखळा आणि मग सीएसएमटी. मध्ये गाडी सिग्नलला रखडली तर तेवढा वेळ बोनस. तेवढ्यात आम्ही गणेश गायतोंडेची अख्खी कुंडली मांडायचो.

गोष्ट जुलै २०१८ ची. ३ तारखेला अंधेरीच्या गोखले पुलाचा एक भाग रुळांवर कोसळला होता आणि पश्चिम रेल्वेवाल्यांची दैना झाली होती. आम्ही मध्य रेल्वेच्या; आमची दैना बारमाही. त्याच आठवड्यात, ६ तारखेला, नेटफ्लिक्सवर मालिकेचे आठही भाग एकदम आले. तेव्हा त्यांचा सगळ्यात स्वस्त प्लॅनसुद्धा महिन्याला ५०० रुपयांचा होता, १९९ रुपयांचा मोबाईल प्लॅन यायला अजून वर्ष होतं. आमच्यातल्या एकीच्या भाच्याचं खातं होतं. त्या एका खात्यावर किती जणी बघत होतो ते इथे लिहीत नाही.

बघायची म्हणजे रात्री सगळी निजानीज झाल्यावर, कानात इअरफोन घालून, मोबाईलवर. हॉलमधल्या टीव्हीवर लावायची सोयच नव्हती. सासरे पेपर वाचत बसलेत आणि गायतोंडे तोंड उघडतोय, हे चित्र डोळ्यांसमोर आणून बघा. नवऱ्यांनी पाहिली ती वेगळी, ऑफिसातल्या मित्रांबरोबर. घरात या विषयावर नवरा-बायकोत चर्चा झाल्याचं आमच्यापैकी एकीनेही सांगितलं नाही. ती व्हायची ती लेडीज डब्यात, गवार मोडता मोडता.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. उंच इमारतीवरून एक पांढरं कुत्रं खाली पडतं, तिथून सुरुवात. मुंबईचा एक मोठा गँगस्टर, गणेश गायतोंडे, बऱ्याच वर्षांनी शहरात परततो आणि सरताज सिंग नावाच्या, नोकरीत कोपऱ्यात पडलेल्या इन्स्पेक्टरला फोन करतो. पंचवीस दिवस आहेत, तुझं शहर वाचव. सगळे मरतील, उरेल फक्त त्रिवेदी. एवढं सांगून पहिल्याच भागात तो स्वतःच्या डोक्यात गोळी घालून घेतो. पुढचे सगळे भाग मेलेला माणूस आपली कहाणी सांगतो आणि जिवंत माणूस त्याच्या मागावर धावतो. सरताजची बाजू विक्रमादित्य मोटवानेने दिग्दर्शित केली आणि गायतोंडेची अनुराग कश्यपने. हे आम्हाला नंतर कळलं. पण गायतोंडेचं सुरू झालं की गाडी पळते आणि सरताजचं आलं की सिग्नल लागतो, हे डब्यात पहिल्याच आठवड्यात ठरलं होतं.

पहिलं कडाक्याचं भांडण झालं ते आडनावावरून. आमच्यात एक मूळची फोंड्याची. तिला गायतोंडे हे नाव गुंडाला दिल्याचाच राग. ‘‘आमच्यातले गायतोंडे बँकेत असतात,’’ ती म्हणाली, ‘‘नाहीतर चित्रं काढतात.’’ वासुदेव गायतोंड्यांचं एक चित्र २०१३ साली मुंबईच्या लिलावात तेवीस कोटींच्या वर गेलं होतं, तेही तिने ऐकवलं. तिचा दुसरा मुद्दा मात्र बिनतोड होता. भिक्षा मागणाऱ्या ब्राह्मणाचा, महाराष्ट्रातल्या खेड्यातला पोरगा. रागाच्या भरात, घाबरल्यावर, झोपेत तरी तो मराठीत बोलेल की नाही? गायतोंडे झालेला नवाजुद्दीन उत्तर प्रदेशातल्या बुढान्याचा. काम जबरदस्त करतो, पण गायतोंड्यांच्या घरातला वाटत नाही तो नाहीच. त्यावर दुसरीचं उत्तर : जो पोरगा आईला मारून लहानपणी घरातून पळाला, त्याची कसली आलीय घरची भाषा! त्याला वाढवलं मुंबईच्या कचऱ्याच्या डोंगरांनी, तिथली हिंदी तो बोलणार. मला दुसरीचं पटलं, पण फोंडेकरणीसमोर मान डोलावण्याची हिंमत झाली नाही.

मंत्रालयातून निवृत्तीला आलेल्या एक मावशी आमच्याबरोबर असायच्या. त्यांनी मालिकेचा एक भागही पाहिला नाही, पण आमच्या चर्चेत त्यांचा शब्द शेवटचा असायचा. कारण भागांची नावं. अश्वत्थामा, हलाहल, आतापी वातापी, ब्रह्महत्या, सरमा, प्रेतकल्प, रुद्र, ययाती. आम्ही नुसती नावं सांगायची आणि मावशींनी पुढचं कथानक. आतापी वातापी? ‘‘म्हणजे जेवायला बोलावून पोटातून फाडणारे. आता कोणीतरी जवळचाच दगा देणार.’’ प्रेतकल्प? ‘‘गरुडपुराणातला भाग तो. घरात कोणी गेलं की वाचतात. जाणार बाई कोणीतरी घरातलं.’’ अश्वत्थाम्याबद्दल तर त्यांच्याकडे थेट बातमी होती : त्यांचे दीर नर्मदा परिक्रमा करून आले होते, आणि तिकडे कपाळावरच्या जखमेला तेल मागत फिरणारा तो भेटला असं सांगणारी माणसं दिरांना भेटली होती. स्वतःला अश्वत्थामा म्हणवणारा, मरूनही बडबड न थांबणारा गायतोंडे मावशींना जितका कळला तितका आठ भाग जागून पाहिलेल्या आम्हाला कळला नाही, असं माझं मत आहे.

एकीने तर विक्रम चंद्रांची मूळ कादंबरीच आणायला सुरुवात केली. २००६ साली आलेलं, नऊशेच्या वर पानांचं ते पुस्तक. चौथ्या सीटवर अर्धी टेकून ते वाचणं म्हणजे व्यायामच. पण त्यामुळे तिच्या शब्दाला वजन आलं. मालिकेत राधिका आपटेची रॉ अधिकारी अंजली माथुर मारली गेली तेव्हा डब्यात हळहळ झाली. त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात नेटफ्लिक्स उघडलं की राधिका आपटेच दिसायची, तरीही झाली. पुस्तकवालीने शांतपणे जाहीर केलं की पुस्तकात अंजली मरत नाही. कुकू पुस्तकात जेमतेम येते. कुब्रा सैतने जिवंत केलेली, आम्हा सगळ्यांना चटका लावून गेलेली गायतोंडेची प्रेयसी कुकू मालिकेची कमाई आहे. आणि काटेकर? ‘‘मरतो,’’ ती म्हणाली. ‘‘पुस्तकातही मरतो. निराळ्याच प्रकरणात, पण मरतो.’’

काटेकरवर आलो की बाकीचे विषय मागे पडायचे. सरताजचा सोबती, कॉन्स्टेबल काटेकर. जितेंद्र जोशीने केलेला. त्याची बायको शालिनी, नेहा शितोळेने केलेली. खरं तर या मालिकेत मराठी नटांची रांग आहे : राजश्री देशपांडेची सुभद्रा, गिरीश कुलकर्णीचा तो बेरकी भोसले, पुढच्या सीझनमध्ये अमृता सुभाष. पण काटेकर-शालिनीचं घर पडद्यावर आलं की आम्हाला आपल्याच मजल्यावरचं दार उघडं राहिल्यासारखं वाटायचं.

डब्यात एक वहिनी होत्या. त्यांचे यजमान पोलीस हवालदार. त्या नायगावच्या पोलीस वसाहतीत वाढलेल्या आणि लग्नानंतर कल्याणला आलेल्या. ‘‘पोलिसांना वाईटच दाखवतात’’ म्हणून त्या आमच्यात पडायच्या नाहीत, खिडकीबाहेर बघत बसायच्या. एकदा कुर्ल्याच्या पुढे गाडी अडकली तेव्हा माझ्या शेजारणीने मोबाईल त्यांच्यापुढे धरला. काटेकर-सरताज गाडीत बसून बोलताहेत, एवढाच प्रसंग. वहिनींनी एक इअरफोन कानात घातला. मग दुसरा घातला. आणखी काटेकर आहे का, म्हणून विचारलं. पुढचे काही दिवस आम्ही त्यांना फक्त काटेकरचे प्रसंग शोधून शोधून दाखवले.

त्यांचं बघणं निराळं होतं. गायतोंडे ज्याला तिसरा बाप म्हणतो तो कोण, शहर उडवणारा अणुबॉम्ब कुठे आहे, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. ‘‘ही बारा तासवाली ड्यूटी आहे,’’ त्या म्हणाल्या. २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग झाला, मग तो इतर ठाण्यांत गेला. पण त्याआधीचा नवरा त्यांना पाठ होता. दार उघडल्यावर तो आधी बायकोकडे बघतो की पाण्याच्या माठाकडे, यावरून बंदोबस्त कुठे होता ते कळायचं, असं त्यांनी सांगितलं.

मालिकेत एक बाई पुन्हा पुन्हा पोलीस ठाण्यात येते. तिचा मुलगा हरवलाय. ती बांगलादेशी असणार असं धरून काटेकर तिला झटकून टाकतो. आम्ही सगळ्या काटेकरच्या भक्त. आम्ही त्याची बाजू घेत होतो. दमलेला माणूस, वरून साहेबांचा ताप, होतं असं कधीतरी. वहिनींनी आमचं काही चालू दिलं नाही. ‘‘नाही. पोराचं मिसिंग घ्यायलाच पाहिजे. २०१३ पासून तर लहान मूल हरवलं की अपहरणाचा गुन्हाच दाखल करावा लागतो, सुप्रीम कोर्टाने सांगितलंय. बाई कुठलीही असो. आमच्या ह्यांनी असं केलं असतं तर मी जेवायला वाढलं नसतं.’’ पोलिसाच्या घरातल्या बाईने पोलिसाला दिलेली ही शिक्षा. आम्ही गप्प.

काटेकर मारला जातो तो प्रसंग आम्ही त्यांना दाखवणार नव्हतो. त्यांनीच मागून घेतला. दादर गेलं होतं. मोबाईल परत देताना त्यांनी एका दमात तीन प्रश्न विचारले : ते घर त्यांचं स्वतःचं की क्वार्टर? क्वार्टर असेल तर शालिनीला किती महिन्यांत सोडावं लागेल? आणि पोरगं अनुकंपावर लागेल एवढं मोठं आहे का?

एकीलाही उत्तर देता आलं नाही. त्या मालिकेवर मी तेव्हा पुष्कळ वाचलं, नंतरही वाचलं. धर्म, राजकारण, फाळणी, मुंबईचे बदलते रंग, सगळ्यावर लोकांनी लिहिलं. राजीव गांधींबद्दलच्या संवादांवरून प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेलं. क्वार्टरचा प्रश्न मला कुठेही दिसला नाही.

दुसरा सीझन १५ ऑगस्ट २०१९ ला आला. तोवर दादरवाल्या दोघी ताळ्यावर आल्या होत्या आणि नियम मोडीत निघाला होता. गायतोंडे केनियात पोचला, पंकज त्रिपाठींचे गुरुजी आले, प्रवचनं आली. पुस्तकवालीने नाक मुरडलं, पण रॉचे के. डी. यादव पुस्तकात पुरुष आहेत आणि मालिकेत त्यांची कुसुमदेवी यादव झाली, या बदलावर ती खूश होती. अमृता सुभाषने गायतोंडेला जसा हातात खेळवला त्याला तोड नाही, यावर डब्यात एकमत झालं. बाकी मात्र सगळा पसारा. शेवटी तर सरताज बॉम्ब बंद करायला मोबाईलला असतो तसला पॅटर्न ओढतो आणि तो लागला की नाही हे न दाखवताच मालिका संपते. त्या आठवड्यात निम्म्या डब्याने आपापल्या मोबाईलवर तो पॅटर्न ओढून पाहिला. मुंबई उडाली की वाचली? फोंडेकरीण म्हणाली, उडाली. मावशी म्हणाल्या, कलियुग एवढ्यात संपत नसतं, अजून पुष्कळ वर्षं बाकी आहेत. वहिनींनी विचारलं, शालिनीचं पुढे काय झालं ते कोणी नीट बघितलंय का.

तिसरा सीझन काही निघाला नाही. शेवटाची फारच रुखरुख असेल तर कादंबरी वाचा. तिथे बॉम्ब फुटत नाही. मालिका अजून पाहिलीच नसेल तर पहिल्या सीझनचे आठ भाग जरूर पाहा, दुसरा नाही पाहिला तरी फार काही बुडत नाही. फक्त एक करा. गोळीबार बघायच्या घाईत काटेकरच्या घरातले प्रसंग पुढे सारू नका.