चंद्रगोलाचा कोरा भाग

इंदूरच्या आमच्या जुन्या वाड्यात, माडीवरील पुस्तकांच्या कपाटावर एक चंद्र ठेवलेला आहे. पृथ्वीगोल अनेकांच्या घरी असतो, चंद्रगोल क्वचितच. आमचे काका भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीस होते. मायदेशी परतणाऱ्या एका रशियन अभियंत्याने तो त्यांना भेट दिला आणि १९६६ साली काकांनी तो आम्हां मुलांसाठी घरी आणला.

गोल सोव्हिएत बनावटीचा, १९६१ सालचा. चंद्राची एकच बाजू सदैव पृथ्वीकडे असते. पलीकडची बाजू मानवाला प्रथम दिसली ती ‘लूना-३’ यानाने ७ ऑक्टोबर १९५९ रोजी टिपलेल्या धूसर छायाचित्रांतून. तीही सुमारे ७० टक्केच. त्यांवरून गोलावर मॉस्को समुद्र, त्सिओल्कोव्हस्की विवर इत्यादी नावे रशियन लिपीत आली. जेथले छायाचित्र नव्हते, तेथे कर्त्यांनी गोल कोरा सोडला.

तो कोरेपणा आम्हांस साहवेना. एके दुपारी निळ्या पेन्सिलीने तेथे डोंगर काढले, एक नदीही काढली. काका रागावले नाहीत. ओल्या फडक्याने पुसता पुसता एवढेच म्हणाले, “अरे, त्यांना काय डोंगर काढता येत नव्हते? पाहिले नाही, म्हणून काढले नाही.”

पुढे १९६५ च्या ‘झोंद-३’ने व १९६६-६७ च्या अमेरिकन ‘लूनर ऑर्बिटर’ यानांनी ती उणीव भरून काढली. तेव्हा लक्षात आले, की ‘लूना-३’च्या चित्रांवरून जिला ‘सोव्हिएत पर्वतरांग’ म्हटले होते, ती पर्वतरांग नव्हतीच. तो केवळ एक उजळ पट्टा होता. ते नाव नकाशांतून गेले. कोऱ्या भागाबाबत मात्र कोणास काही मागे घ्यावे लागले नाही.

हे सारे ठाऊक असूनही आम्ही चुकलो. महसूल खात्यातील नोकरीची ती पहिलीच वर्षे. अतिवृष्टीनंतर पिकांच्या नुकसानीची पाहणी चालली होती. एका गावाच्या वाटेवरील नाल्याला पूर होता. आम्ही अलीकडूनच परतलो. तक्त्यातील त्या गावाचा रकाना रिकामा ठेवला असता, तर वरून विचारणा झाली असती. शेजारच्या गावावरून अंदाज करून आम्ही लिहिले, ‘नुकसान किरकोळ.’ मदत त्या गावाला मिळाली नाही. दोन महिन्यांनी एक वृद्ध शेतकरी कचेरीत आला. आवाज न चढवता म्हणाला, “साहब, आप हमारे गाँव आए ही कब थे?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवला. तोवर मुदत टळली होती.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी ‘चांद्रयान-३’ उतरले, तेव्हा घरातील सारे दूरदर्शन संचासमोर होते. ते स्थान शोधण्यासाठी नातवाने कपाटावरून गोल उतरवला. फिरवता फिरवता त्याचे बोट कोऱ्या भागावर थांबले. “आजोबा, इथले पुसले गेले का?”

उजेडात धरले, तर निळ्या पेन्सिलीच्या दोन पुसट रेघा अजून दिसतात. त्या आम्ही त्याला दाखवल्या. ‘लूना-३’ची हकिकत सांगितली, मग त्या गावाचीही. ही दुसरी हकिकत आम्ही घरात प्रथमच उच्चारली. नातवाने विचारले, “मग त्या आजोबांचे काय झाले?”

“ते आम्हांस ठाऊक नाही,” आम्ही म्हणालो.