तेलाचा दोष की रोग्याचा?

आजाऱ्यांना भेटणे हे दयेचे कृत्य आहे, असे आपल्याला लहानपणापासून शिकविले गेले. परंतु रोग्याच्या खाटेशेजारी बसून आपण काय बोलतो, याचा विचार क्वचितच होतो. माझ्या वहिनींना स्तनाचा कर्करोग झाला, तेव्हा भेटावयास येणारा जो तो विचारी, "तेल कोणते वापरत होता?" विचारण्यात आस्था होती, वहिनींना मात्र तो आरोप वाटे. "हे मीच ओढवून घेतले का?" असे त्यांनी मला विचारले आणि मी या विषयावरील संशोधन वाचावयास घेतले.

तेलातुपातील स्निग्धांश मेदाम्लांचा बनलेला असतो. पेशीचे आवरण त्यांतून घडते, इंधनही मिळते. कर्कपेशींनाही ती हवीच असतात. बार्सिलोना येथील साल्वादोर अझ्नार बेनिता व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले, की पामतेलात विपुल असलेले पामिटिक आम्ल कर्कपेशींची शरीरभर पसरण्याची प्रवृत्ती वाढविते आणि आहार बदलल्यावरही ती टिकते. ओलेइक व लिनोलेइक आम्लांनी तसे घडले नाही. पुढे २०२५ साली न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल संस्थेतील संशोधकांना आढळले, की सूर्यफूल व सोयाबीन तेलातील हेच लिनोलेइक आम्ल 'ट्रिपल निगेटिव्ह' प्रकारच्या स्तनकर्करोगात पेशींच्या वाढीची यंत्रणा चालू करते. कारण ते पकडून ठेवणारे प्रथिन त्या पेशींत भरपूर असते. स्तनकर्करोगाच्या इतर प्रकारांत तसा परिणाम दिसला नाही.

म्हणजे एके ठिकाणी निर्दोष ठरलेले आम्ल दुसऱ्या ठिकाणी वाढीला हातभार लावते. शिवाय लिनोलेइक आम्ल शरीराला आवश्यक असते आणि ते आहारातूनच मिळवावे लागते. हे संशोधन उद्याच्या उपचारांना व पथ्याला दिशा देईल. पण अमुक बाईला रोग का झाला, याचा निवाडा त्यातून होत नाही. वहिनींना मी हेच सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "हे त्या सगळ्यांनाही सांगा."

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले होते, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही नाकारले. आजाऱ्याच्या घरी जाताना आपणही तो प्रश्न उंबऱ्याबाहेर ठेवावा. पथ्य डॉक्टरांनी व आहारतज्ज्ञांनी ठरवावे. आपण मात्र, आज दोन घास जेवण गेले का, एवढे प्रेमाने विचारावे.