हिमफलकाचा नाद

ज्यास इंग्रजींत स्नोबोर्ड म्हणतात, त्यास आम्हीं आमच्यापुरता 'हिमफलक' हा शब्द योजिला आहे. वस्तुतः ती एक फळीच. दोन्ही पाय तिजवर आडवे जखडावयाचे आणि बर्फाच्या उतारावरून घसरत खालीं यावयाचें, एवढाच मामला. १९६५ सालीं अमेरिकेंतील मिशिगन येथें शर्मन पॉपेन नांवाच्या गृहस्थानें आपल्या मुलींकरितां स्कीच्या दोन पट्ट्या एकत्र जोडून असलें खेळणें तयार केलें; पुढें १९९८ सालीं जपानांत नागानो येथें ऑलिंपिक सामन्यांत या खेळाचा प्रथम समावेश झाला.

आमचा पुतण्या सात वर्षांपासून टोकियोस नोकरीस आहे, आणि हाच नाद त्यास लागला आहे. गेल्या हिवाळ्यांत आम्ही सपत्नीक महिनाभर त्याच्याकडे राहून आलों. निघतेवेळीं वहिनींनीं बजावलें होतें, "भावोजी, मागल्या वर्षीं त्यानें मनगट मोडून घेतलें. आमचें तो ऐकत नाहीं. तुमचा शब्द खालीं पडूं देणार नाहीं. ती फळी तेवढी सुटेल असें करा."

बर्फावर त्याचे आठवड्याचे फार तर दोन दिवस जातात. उरलेले पांच दिवस ही फळी घरांतच नांदत असते. कचेरींतून आला कीं तिला पालथी घालावी, लहानशा इस्त्रीनें तिच्या बुडास मेण पाजावें, थंड झाल्यावर तें खरवडून काढावें आणि ब्रशानें घासून आरशासारखी करावी. खरवडूनच काढावयाचें तर लावावें कशास, असें आमच्या सौभाग्यवतींनीं विचारलें. मुरलेलें तेवढेंच कामाचें, वरचें अडथळा करतें, असें उत्तर मिळालें. तें त्यांस लोखंडी तव्याच्या अनुभवावरून लगेच पटलें.

सकाळीं चहाबरोबर तो हवामानाचा नकाशा पाहतो, तो थेट पंचांग पाहावें तसा. पश्चिमेस जास्त दाब आणि पूर्वेस कमी, असा योग जुळला कीं स्वारीची कळी खुलते. सैबेरियाकडील थंड, कोरडा वारा जपानी समुद्रावरून येतांना बाष्प शोषून घेतो आणि मधल्या डोंगरांवर आदळून त्यांच्या पश्चिम अंगास बर्फाच्या राशी टाकतो. टोकियोच्या बाजूस मात्र लख्ख ऊन. कोंकणचा पाऊस आणि देशावरील कोरडेपणा यांचें गणित ज्यास ठाऊक, त्यास हें निराळें शिकवावें लागत नाहीं.

एका शनिवारीं आम्हीही त्याच्यासंगें युझावास गेलों. शिंकान्सेन गाडीनें दीड तासाच्या आंत. वाटेंत बावीस किलोमीटरांचा बोगदा. अलीकडे उघडे डोंगर, पलीकडे छपरांवर कमरेइतकें बर्फ. कावाबाता यासुनारी यांच्या 'युकिगुनी', म्हणजे हिमदेश, या कादंबरीची भूमि हीच.

या खेळाचे उपद्रव मोठे गमतीचे. उतार संपून सपाटी आली कीं स्कीवाला हातांतल्या काठ्या टेकीत पुढें जातो. फळीवाल्यानें एक पाय सोडवून लंगड्यासारखें रेटीत जावें. वर पोंचल्यावर बर्फांत बसकण मारून पट्टे आंवळावे, तोंवर पाठीमागून वस्त्र ओलें. चष्म्यावर वाफ धरते ती निराळीच. आणि या सर्वांवर कडी म्हणजे रस्त्यांत कचऱ्याची पेटी बहुधा कोठें सांपडत नाहीं: वेष्टन, साल, कागद, सारें खिशांतून टोकियोपर्यंत परत. पुतण्या याबद्दल दर शनिवारीं कुरकुरतो आणि दर शनिवारीं निमूटपणें खिसे भरून आणतो. आमची स्वतःची तक्रार चपलांची. घरांत एक जोड, शौचकूपास दुसरा. सोवळ्याओवळ्यांत वाढलेल्या आम्हांस तत्त्व मान्य होतें, पण त्या चपला आमच्या पावलांस पुरत नव्हत्या.

परंतु शाकाहाऱ्याची खरी परीक्षा ताटावर. तेथील रश्शाचा पाया 'दाशी'. आणि ती बहुधा कात्सुओबुशीची, म्हणजे मासा उकडून, धुरावून, वाळवून लांकडासारखा कठीण करितात, त्याच्या किसाची. दिसावयास निव्वळ शेवया आणि कांद्याची पात, पण पाण्यांतच मत्स्यावतार! पुतण्याजवळ याकरितां एक वहीच आहे. कोंबू या समुद्रवनस्पतीची दाशी कोठें मिळते, विचारल्यावर कोठें नीट सांगतात, हें तींत टिपलेलें. याच कोंबूपासून १९०८ सालीं इकेदा किकुनाए या रसायनशास्त्रज्ञानें ग्लुटामेट वेगळें काढलें आणि त्याच्या चवीस 'उमामि' हें नांव दिलें. आपल्या षड्रसांत त्यास जागा द्यावी कीं नाहीं, हा वाद आम्ही वैद्यांवर सोंपवितों. खारवलेली आंबट 'उमेबोशी' पोटांत घातलेले भाताचे गोळे आणि भाजलेलीं रताळीं यांवर आमचे बरेच दिवस सुखानें गेले.

युझावाच्या स्टेशनांत सांपडलेला 'सासादांगो' मात्र विसरणें अशक्य. चिकट तांदुळाच्या पिठांत योमोगी नांवाचा, आपल्या दवण्याच्या कुळांतला, हिरवा पाला. आंत अझुकी कडधान्याचें गोड पुरण. वरून बांबूच्या जातीचें पान. आणि सारें वाफवलेलें. पान सोडतांच सौभाग्यवती उद्गारल्या, "अहो, या तर पातोळ्या!" हळदीच्या पानाचा वास नाहीं, नारळ नाहीं, तरी नागपंचमीच आठवली.

उतरलों होतों त्या घरीं रात्रीं पुतण्याचे तिघे जपानी सोबती जेवावयास आले. उओनुमा भागांतील कोशिहिकारी तांदूळ नामांकित. त्याच्या मऊ भातावर आम्हीं नेलेलें मेतकूट आणि तूप वाढलें. एकानें तीनदां भात घेतला. मंडळी गेल्यावर आम्हीं वहिनींचा निरोप सांगितला. तो कांहीं वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, पहिल्या हिवाळ्यांत शुक्रवारीं कचेरी सुटली कीं सोमवारपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघत नसे. दुकानांत पैसे देतांना आभार मानावयाचे तेवढेच. हे तिघे मला या उतारावर भेटले. आईला मनगट दिसतें. हें तिला कसें लिहूं?"

दुसरे दिवशीं सकाळभर आम्ही उताराच्या पायथ्याशीं उभे होतों. पडतांना हात पसरून टेकला कीं मनगट जातें. नवशिक्यांचें बहुधा तेंच मोडतें. तो तीन वेळां पडला. तिन्ही वेळां मूठ मिटलेली, हातमोज्याखालीं मनगटाचें कवच, डोक्यास शिरस्त्राण. दोऱ्या बांधून बंद केलेल्या भागाकडे, जेथें बर्फाचा कडा कोसळण्याचें भय, तो फिरकला नाहीं.

टोकियोस परतल्यावर आम्हीं वहिनींस सविस्तर पत्र लिहिलें. निरोप पोंचविला, त्यापुढें आग्रह केला नाहीं व करणारही नाहीं, हें पहिल्याच ओळींत; मग पहिला हिवाळा, तिघे सोबती आणि मिटलेली मूठ. पंधरा दिवसांनीं पुण्याहून आलेल्या एका गृहस्थांच्या हातीं उत्तर आलें. पत्र नव्हतें. मेतकुटाचा मोठा डबा होता, आणि झांकणावर चिठ्ठी: "चौघांना पुरेल इतकें आहे."