कन्याकुमारी जवळ आली तेव्हां

पुण्याहून निघाल्याचा तो सोळावा दिवस. श्रीनगरास सुरू होऊन कन्याकुमारीस संपणारा महामार्ग ४४ आतां सरत आला होता. पहाटेसच तिरुनेलवेली सोडली. कावलकिनरूजवळ पवनचक्क्यांचें रान लागलें. उरलें अवघें सुमारें २० किलोमीटर.

मुक्काम जवळ आला कीं पाय हलके होतात म्हणे. आमचे तों शिशासारखे जड झाले! गुडघ्याचें दुखणें आम्हीं मदुरेपासून लपविलें होतें. सहाजण पुढें गेले. मागें राहिला तो एकटा आमचा जुना विद्यार्थी. त्याची साखळी दर अर्ध्या तासानें निसटे, आणि ती बसवीपर्यंत आम्हांसही विसांवा मिळे. नव्या सायकलीची साखळी इतकी कशी निसटते, हें उमगावयास आम्हांस तीन दिवस लागले. (गणित आमचें कच्चेंच.) याच मुलास उशिरा आल्याबद्दल आम्हीं कितीदां वर्गाबाहेर उभें केलें होतें!

“साखळी ठीक आहे, ठाऊक आहे आम्हांस. तूं हो पुढें.”

तो ओशाळला. मग म्हणाला, “सर, उशीर झाला तर बाहेर उभे राहूं. दोघेही.”

आम्हीं गुडघ्यास पंचा आवळून बांधला आणि पायडलावर पाय ठेविला. वाऱ्यास खारट वास येऊं लागला होता.