आयर्विनला किती फूट?

पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांची खुशाली नंतर विचारतात. आधी प्रश्न एकच, ‘आयर्विनला किती फूट?’ कृष्णेवरचा हा पूल १९२९ सालचा. नाव व्हाइसरॉयचं, पण आता तो घरातलाच जुना माणूस झालाय. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. नदीचा ताप त्याच्याच काखेत थर्मामीटर लावून बघायचा.

एरवी तो म्हणजे काही मिनिटांची वाट. अलीकडे सांगली, पलीकडे आमची सांगलवाडी. मी सायकलवरून शाळेला यायचो. मधोमध आलं की वारा अंगावर यायचा. घरचा धाक मागे पडलेला, मास्तरांचा अजून पुढे. तेवढ्या अंतरात मी कुणाचाच नसायचो. आई मात्र तिथे नदीला हात जोडून नाणं टाकायची. लग्न होऊन ती याच पुलावरून आली होती. म्हणायची, ‘माहेर लांब नाही रे, मधे फक्त कृष्णा आहे.’ त्या ‘फक्त’मध्ये किती पाणी होतं, ते तेव्हा कळलं नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. इकडे हरभट रोड बुडालेला, तिकडे सांगलवाडीला वेढा. पूल तेवढा उभा. पूल शाबूत आणि काठच नाहीत, हे दृश्य अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

पुढच्या वर्षी वडील गेले. ‘आई, आता यातून बाहेर पड,’ आम्ही सारखे म्हणायचो. बाहेर पडून तिनं पाय टेकायचा कुठे? मागचा काठ बुडालेला, पुढचा अजून वर आला नव्हता. पूर चढतो तसा उतरत नाही, इंचाइंचानं ओसरतो. आधी झाडांचे शेंडे दिसतात, मग भिंती, शेवटी रस्ता. तोही गाळानं भरलेला. खराटे मारून, पाणी ओतून तो आपणच मोकळा करायचा असतो. आम्ही तिला हात धरून ओढत होतो. हातात खराटा घ्यायला हवा होता.

परवा तिला स्कूटरवरून नेत होतो. भर उन्हाळा, पात्रात पाणी बेताचंच. पुलाच्या मध्यावर तिनं माझ्या खांद्यावर थोपटलं.

‘थांबव जरा.’

कितीतरी दिवसांनी ती पिशवीत सुटे पैसे शोधत होती.