कुंडीतला वाफसा

मुलांनो, हिब्रूत तुम्ही ‘अदामा’ म्हणता, मराठीत आम्ही ‘माती’ म्हणतो. एवढे तुम्हाला येते. आज त्याच्या पुढचा एक शब्द घेऊ: वाफसा. जमीन भिजलेली असते, पण चिखल नसतो. ओल असते, तरी आत हवा खेळत असते. मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि बोट लावले की फुटतो. या स्थितीला वाफसा म्हणतात. रायगडात भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल पेरतात, तेव्हा शेतकरी आधी वाफसा पाहतो.

आमच्या बेर शेव्याच्या इमारतीत एक मावशी राहतात. वय ऐंशीच्या पुढे, बालपण कोकणातल्या शेतात गेलेले. त्यांनी खालच्या अंगणातली माती डब्यांत भरून मिर्पेसेतवर मेथी, मिरची, वांगी लावली. दोन हंगाम रोपे पिवळी पडून मेली. “या मातीला आमचा हात मानवत नाही,” असे म्हणून त्यांनी डबे पालथे घातले. ते बोलणे माझ्या मनाला लागले. ज्यांच्या बोटांना वाफसा कळतो, त्यांनीच हात आवरला, तर हा शब्द तुम्हाला शिकवणार कोण?

दोष हाताचा नव्हता, आणि मातीचाही नव्हता. उत्तर नेगेवमध्ये लोएस माती आहे, वाऱ्याने आणून टाकलेली, पिठासारखी बारीक. पाणी पडले की तिच्यावर कडक पापुद्रा धरतो. तरी शेतात ती गहू पिकवते, कारण खाली खोलवर माती असते आणि जादा पाणी खाली ओढले जाते. कुंडीला मात्र तळ असतो.

हे घरीच पाहा. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. थेंब थांबले की तो उभा करा, पुन्हा पाणी गळेल. उंची वाढली की पाणी जास्त निथळते. उथळ कुंडीत बारीक माती भरली तर तळाशी पाणी धरून राहते आणि मुळे गुदमरतात. पुष्कळजण तळाशी खडे घालतात. त्याने काम होत नाही. बारीक मातीतले पाणी खड्यांच्या मोठ्या फटींत सहज उतरत नाही. उलट ओला थरच वर, मुळांजवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा पुरे. भोक मात्र हवेच. मिश्नातसुद्धा, शब्बाथचे नियम सांगताना, भोकाची कुंडी आणि बिनभोकाची कुंडी यांत फरक केला आहे: भोकाची कुंडी जमिनीला जोडलेली धरतात.

माझे प्रमाण असे: दोन बादल्या काथ्याचा भुसा, ज्याला दुकानात कोकोपीट म्हणतात, एक बादली कंपोस्ट आणि एक बादली परलाइट किंवा गोलानचा बारीक तुफ. भुसा ओल धरतो, तुफ हवेला वाट देतो, कंपोस्ट जेवू घालते. कोकोपीटच्या विटेत मीठ असू शकते, म्हणून भिजवून पहिले पाणी टाकून द्यावे. पीटही चालते, पण ते दलदलीत साठायला हजारो वर्षे लागतात, आणि एकदा कडकडीत वाळले की लवकर पाणी पीत नाही.

हे मिश्रण मी मावशींना दाखवले. त्यांनी प्रमाण विचारले नाही. मूठ दाबली, बोट लावले आणि म्हणाल्या, “पाणी जरा जास्त झाले.” त्यांचे बरोबर होते.

मेथी-कोथिंबिरीला 15 ते 20 सेंटिमीटर खोली पुरते. टोमॅटो, वांगे यांना एका झाडामागे 20 लिटरची तरी कुंडी द्या आणि कंपोस्ट थोडे वाढवा, पण एक तृतीयांशाच्या वर नको. कंपोस्ट कुजत खाली बसते, हवा कोंडते, क्षारही वाढतात.

कंपोस्ट मुरलेले आहे का, ते नाक सांगते. झोंबले तर कच्चे, पहिल्या पावसासारखा वास आला तर तयार. शंका राहिली तर स्वयंपाकघरातल्या मेथीचे 10 दाणे त्यात पेरा. चार-पाच दिवसांत आठ उगवले की खुशाल वापरा.

कोकणात आपल्याला शनवार तेली म्हणत, कारण आपले लोक तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी ते बंद ठेवत. तेल काढल्यावर पेंड उरते. ती गुरांना घालतात, शेताला खत म्हणूनही देतात. पण कच्ची पेंड थेट कुंडीत घालू नका. कुजताना ती तापते आणि मुळांना इजा होते. आधी कंपोस्टच्या ढिगात मुरू द्या.

आता घरचा अभ्यास. प्रत्येकाने एक डबा भरा, पाणी घाला, निथळू द्या. मग त्यातले मूठभर मिश्रण घरातल्या किंवा शेजारच्या आजी-आजोबांच्या हातात ठेवा आणि विचारा, “वाफसा आला का?” वडीलधाऱ्यांनो, उत्तर मराठीतच द्या, आणि मुलांची मूठ तुमच्या हातात धरून द्या.